सातवी पाकळी

पहाटे साडेपाचच्या सुमारास हेब्बाळच्या जुन्या वस्तीत दारापुढे पाणी शिंपडल्याचा आवाज येऊ लागतो. आधी एका घरातून, मग समोरच्या, मग गल्लीच्या पार टोकाच्या. काही अंतरावर बळ्ळारी रस्ता आहे. विमानतळाकडे जाणाऱ्या गाड्यांची घरघर तेथे रात्रभर थांबलेली नसते. उड्डाणपुलापलीकडे तलावावर अजून धुके असते. अशा वेळी गल्लीतील एका घरापुढे एक बाई वाकून रांगोळी घालत असतात. सारी गल्ली त्यांना 'अक्का' म्हणते. हा शब्द त्यांना कधी परका वाटला नाही. बेळगावात माहेरी त्या थोरल्या बहिणीला अक्काच म्हणत. लग्न होऊन बंगळुरूला आल्यावर तेच नाव त्यांच्याकडे चालत आले.

त्या आल्या ते साल २००३. हेब्बाळचा उड्डाणपूल त्याच वर्षी झाला. त्या वेळी घरापुढे मातीचे अंगण होते, निदान अंगण म्हणावे इतकी जागा होती. पुढे २००८ साली देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाला, रस्ता रुंद झाला, जमिनीचा भाव वाढला आणि बैठ्या घरांच्या जागी चार-चार मजले उभे राहिले. अंगणे गेली. उंबऱ्यापुढे उरली ती गुळगुळीत फरशीची दोन हात जागा. शेणसड्याच्या खरखरीत जमिनीवर रांगोळी जशी धरून राहते तशी ती फरशीवर राहत नाही. चिमटीतून सुटलेली रेघ पंख्याच्या वाऱ्यानेही विस्कटते. नोकरीवर जाणाऱ्या मुलींना वेळ नाही आणि हातात सवयही नाही. म्हणून बाजारात छिद्रांचे साचे आले. साचा जमिनीवर ठेवावा, वरून रांगोळीची पूड फिरवावी, साचा अलगद उचलावा. अर्ध्या मिनिटात कमळ तयार.

अक्कांनी असा साचा प्रथम पाहिला तेव्हा त्यांना राग आला नाही. त्यांनी तो हातात घेऊन उजेडासमोर धरला आणि म्हणाल्या, "नक्षी काढणाऱ्याने कधी रांगोळी घातलेली नाही." पाकळ्या होत्या, पण एकीचा दुसरीशी संबंध नव्हता. वर्तुळ होते, पण त्याला मध्य नव्हता. कोणीतरी पडद्यावर सुट्या सुट्या आकृत्या गोळा करून ठेवल्या होत्या. हे बरोबर नाही, एवढेच त्यांना वाटले. आणि बरोबर काय हे आपल्याला माहीत आहे, हेही त्यांच्या लक्षात आले. ही दुसरी गोष्ट त्यांच्या बाबतीत लहान नव्हती. आठवीनंतर त्यांची शाळा सुटली होती. भूमितीच्या तासाला कोनमापक उलटा धरल्याबद्दल झालेला अपमान त्यांना चाळिशी ओलांडल्यावरही आठवत असे. आपल्याला काही येते असे त्यांनी स्वयंपाकाखेरीज कशाच्याही बाबतीत म्हटले नव्हते.

लेक पदविकेच्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या संगणकावर 'इंकस्केप' नावाची चित्र काढण्याची आज्ञावली होती. ही आज्ञावली विनामूल्य मिळते. जगभरातील अनेकांनी मिळून ती घडवली आहे आणि तिचा आरंभही, योगायोगाने, २००३ सालचाच. छायाचित्रात चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची दाट वीण असते. ते मोठे केले की वीण उसवते. इंकस्केपसारख्या व्हेक्टर आज्ञावलीत तसे नसते. तेथे संगणक रेघ साठवत नाही, रेघ कोठून निघाली, कोठे पोहोचली आणि वाटेत कोणीकडे झुकली एवढेच टिपून ठेवतो. म्हणून तेच कमळ नखाएवढे करा किंवा भिंतीएवढे, त्याची कड तशीच राहते. रेघेचे हे झुकणे मोजण्याची रीत फ्रान्समधील मोटारींच्या कारखान्यांतून आली. सित्रोएनमध्ये द कास्तेल्जो यांनी आणि रेनोमध्ये बेझिए यांनी ती स्वतंत्रपणे शोधली. नाव मात्र बेझिए यांचे लागले. मोटारीच्या पत्र्याचा बाक आणि पाकळीचा बाक संगणकाच्या लेखी सारखेच.

लेकीने पहिल्या दिवशी विचारले, "आई, पाकळ्या किती?"

"आठ."

"मग कोन किती टाकू?"

अक्का गप्प झाल्या. कोन हा शब्द ऐकताच त्या पुन्हा आठवीच्या वर्गात जाऊन बसल्या. लेक मनातल्या मनात ३६० ला आठने भागत होती. तिचे उत्तर येण्याआधीच अक्का हळूच म्हणाल्या, "अगं, आधी आपण अधिक चिन्ह काढतो. त्याचा कोपरा काटकोन. मग त्या कोपऱ्याचा मध्य धरायचा. काटकोनाचे निम्मे."

"पंचेचाळीस," लेक म्हणाली. भागाकाराचे उत्तरही तेच आले होते.

रांगोळी घालणाऱ्या हाताला अशी बरीच भूमिती ठाऊक असते. ती शब्दांत मांडायची वेळ मात्र येत नाही. पंधरा ठिपक्यांची एक ओळ, तिच्या वर आणि खाली चौदा, तेरा, असे दोन ठिपक्यांच्या मधोमध ठिपका ठेवत आठपर्यंत उतरायचे, हा 'पंधरा ते आठ'चा मांड महाराष्ट्रातही घालतात आणि कर्नाटकातही. तेथे ठिपका, येथे चुक्की, एवढाच फरक. या मांडातून षटकोन तयार होतो. त्यात बरोबर १६९ ठिपके असतात. अक्कांनी ते कधी मोजले नव्हते. पण एखादा चुकला तर तो नेमका कोठे चुकला हे त्या उभ्या उभ्या सांगत. एका बांगडीभोवती त्याच मापाच्या सहाच बांगड्या नेमक्या बसतात, पाच ठेवल्या तर फट राहते आणि सातवी मावत नाही, हे त्यांना परकर-पोलक्याच्या वयापासून माहीत होते. चेन्नईतील गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन या अभ्यासकांनी १९७४ साली कोलमवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि दारापुढच्या त्या नक्ष्या संगणकाच्या भाषाशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या व्याकरणनियमांत बसवून दाखवल्या. विद्वानांना तेथे व्याकरण सापडले. दारात वाकलेल्या बायकांना त्याचा पत्ता लागला असेल असे वाटत नाही.

पडद्यावर काम सुरू झाल्यावर अक्कांना सर्वांत विचित्र वाटले ते हे की आता फिरायचे नाही. अंगणात मोठी रांगोळी घालताना जमीन जागेवर असते आणि माणूस तिच्याभोवती फिरतो. एक पाकळी झाली की उठायचे, दोन पावले सरकायचे, पुन्हा बसायचे. आठ पाकळ्यांत आठदा बसणे-उठणे होते. कंबर त्याचा हिशेब ठेवते. येथे माणूस बसून राहतो आणि पाकळी फिरते. पाकळीवर एकदा टिचकी मारली की ती निवडली जाते. आणखी एकदा मारली की तिच्या कोपऱ्यांवर वळणारे बाण दिसतात आणि मध्यावर एक बारीक फुली उमटते. ही फुली म्हणजे फिरण्याचा आस. ती पाकळीच्या पोटात राहू दिली तर पाकळी जागच्या जागी गरगरते. तीच ओढून देठाच्या टोकाशी, कमळाच्या मध्यावर नेऊन ठेवली, तर पाकळी त्या मध्याभोवती फेर धरते. पहिले तीन दिवस अक्कांची फुली जागेवर जात नव्हती. पाकळ्या एकमेकींच्या अंगावर पडत, कधी कमळाच्या जागी नुसता गुंता होई. चौथ्या दिवशी त्यांनी आधी एक ठिपका काढला आणि मग फुली त्यावर नेली. रांगोळीत पहिला ठिपका मध्याचा असतो. तो त्यांनी येथे घातलाच नव्हता.

आरशाचे तंत्र याहून सोपे वाटले आणि तेथेच त्या अधिक चुकल्या. अर्धी पाकळी काढायची, तिची उलटी प्रत करायची आणि दोन्ही अर्धे जोडायचे. अंगणात हेच काम डोळा करतो. डावीकडची रेघ काढताना तो उजवीकडच्या रेघेवर असतो. संगणकाला डोळा नाही. जेथे दोन अर्धे भेटतात तेथे अर्ध्या भागाची रेघ मधल्या अक्षाला काटकोनात येऊन मिळाली नाही, तर जोडावर चोच येते किंवा खळगा पडतो. पाकळीच्या शेंड्याला चोच शोभते. देठाशी, जेथे गोलाई हवी, तेथे ती टोचते. शिवाय दोन टोके नुसती शेजारी ठेवून भागत नाही. ती खरोखर सांधावी लागतात. नाहीतर पडद्यावर अखंड दिसणारी रेघ कापणाऱ्या यंत्राला तुटलेली दिसते. शिवणकाम जाणणाऱ्या बाईला हे समजावून सांगावे लागत नाही. टाचणी लावणे वेगळे आणि टाका घालणे वेगळे.

आरसा आणि फेर यांतला भेद मात्र अक्कांना कोणी शिकवला नाही. तो त्यांनीच लेकीला दाखवला. गौरी-गणपतीसाठी एक नक्षी चालली होती. लेकीने एका भागात स्वस्तिक ठेवले, त्याची आरशातली प्रत केली आणि ती जोडी मध्याभोवती फिरवली. पडद्यावर मोठे देखणे मंडल उभे राहिले. अक्कांनी एकदाच पाहिले आणि म्हणाल्या, "अर्धी स्वस्तिके उलटी आहेत, बाळ." लेकीने पुन्हा पाहिले. खरेच होते. स्वस्तिक पाव फेरा फिरवले तरी तेच राहते. आरशात मात्र त्याचे हात विरुद्ध दिशेला वळतात. कुयरीचेही तसेच. नुसत्या फिरवलेल्या कुयऱ्या एकमेकींच्या पाठीमागे धावतात आणि नक्षी भोवऱ्यासारखी फिरल्यासारखी वाटते; आरशातून काढलेल्या कुयऱ्या समोरासमोर येतात आणि नक्षी स्थिर होते. कोठे काय हवे हे आज्ञावली सांगत नाही. लक्ष्मीच्या पावलांत उजवे पाऊल डाव्याची आरशातली प्रतच असते, पण ती जोडी मध्याभोवती फिरवली तर लक्ष्मी घरात यायची कशी? पावलांची दिशा उंबऱ्याकडेच हवी. असे असूनही बाजारातल्या साच्यांत गोल फिरणारी पावले सर्रास दिसतात.

साच्याला आणखी एक अट असते. कागदावर किंवा जमिनीवर पूर्ण वर्तुळ काढता येते. साच्यात येत नाही. वर्तुळाची रेघ कापून काढली की आतला भाग सुटून खाली पडतो. म्हणून रेघेत जागोजागी थोडा भाग न कापता ठेवावा लागतो. हे पूल कोठे ठेवायचे यावर साच्याचे रूप ठरते. अक्कांनी ते पाकळ्यांच्या खाचांत लपवले. आठ खाचा, आठ पूल. नक्षी तुटल्यासारखी दिसत नव्हती. मात्र अखंड रेघेने ठिपक्यांना वेढे घालणारी, जेथून निघाली तेथेच परत येणारी रांगोळी त्यांनी साच्यासाठी एकदाही केली नाही. "तिच्यात पूल घातला की ती राहतेच कोठे?" असे त्या म्हणत.

पहिली नक्षी घेऊन त्या जवळच्या एका दुकानात गेल्या. तेथे लेझरच्या यंत्रावर अ‍ॅक्रिलिकचे तक्ते कापून देत. दुकानदार कानडी बोलणारा, वयाने लहान. त्याने सात साचे कापले आणि सातही समोर मांडून म्हणाला, "अक्का, ही एक पाकळी अशी का?" सात पाकळ्यांच्या कडा काचेसारख्या स्वच्छ होत्या. आठवीची कड वितळून पिवळसर झाली होती आणि तिची चीर इतरांपेक्षा रुंद होती. सातही साच्यांत तीच पाकळी. त्याने यंत्र तपासले, भिंग पुसले, आणखी एक तक्ता कापला. पुन्हा तेच. यंत्राचा दोष नव्हता. पैसे अक्कांनी दिले. ते घरखर्चातून बाजूला काढलेले होते आणि घरात त्याविषयी कोणाला सांगितलेले नव्हते.

त्या रात्री लेक अभ्यासाला बसली असताना अक्का संगणकापुढे बसल्या. पडद्यावर आठ पाकळ्या दिसत होत्या, आठही सारख्या. त्यांनी एकेक पाकळी माऊसने धरून बाजूला ओढली. सात पाकळ्यांखाली पांढरी जागा होती. आठवी ओढली, तर तिच्या खालून आणखी एक पाकळी निघाली.

इंकस्केपमध्ये एका आकृतीच्या प्रती फिरवून मांडण्याची सोय आहे. तिला आठ हा आकडा दिला की ती आठ प्रती करते, पण पहिली प्रत मूळ आकृतीवरच नेऊन ठेवते. मूळ खाली तशीच राहते. म्हणजे आठ मागितल्यावर नऊ होतात आणि नववी दिसत नाही. डोळ्याला एक दिसणारी ती रेघ लेझरने दोनदा कापली होती. दुसऱ्या वेळी कापायला काही उरलेले नसते; म्हणून तो नुसता जाळतो.

"मी मुळातली पाकळी मोजलीच नाही," अक्का दुसऱ्या दिवशी दुकानदाराला म्हणाल्या. प्रती सुट्या करून खालची मूळ पाकळी त्यांनी काढून टाकली होती. यंत्र पुन्हा चालले तेव्हा त्या शेजारी उभ्या राहिल्या आणि प्रत्येक पाकळीला मोठ्याने आकडा म्हणत गेल्या. आठला यंत्र थांबले. दुकानदाराने त्या दिवशीची मजुरी अर्धीच घेतली. पुढे साच्यांच्या नक्षीत अडचण आली की तोच त्यांना बोलावू लागला.

मुळात एक आणि त्याच्या प्रती हा विचार जुना आहे. अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी १९६३ साली 'स्केचपॅड' ही आज्ञावली केली, तेव्हाच तीत ही सोय होती: मूळ आकृती बदलली की तिच्या सगळ्या प्रती आपोआप बदलत. अक्कांना हे फार आवडले. मूळ पाकळीच्या शेंड्याला जरासा बाक दिला की आठही पाकळ्या एकदम मान वळवत. पण त्यातला धाक त्यांना आधी जाणवला होता. हाताने काढलेल्या रांगोळीत एक पाकळी बिघडली तर एकच बिघडते, आणि सातांच्या गर्दीत ती खपूनही जाते. येथे एक बिघडली की आठ बिघडतात. म्हणून त्या मूळ पाकळीवर दोन-दोन दिवस घालवत.

बेळगावच्या किल्ल्यात १२०४ साली बांधलेली कमल बस्ती आहे. तिच्या छतातून एक दगडी कमळ खाली उमलले आहे. त्याच्या पाकळ्या बहात्तर, असे सांगतात. बहात्तर म्हणजे भूत, वर्तमान आणि भविष्य या तीन काळांतील चोवीस-चोवीस तीर्थंकर. लहानपणी अक्का वडिलांबरोबर तेथे जात आणि मान दुखेपर्यंत वर पाहत. मागच्या वर्षी माहेरी गेल्या तेव्हा त्या पुन्हा गेल्या. बरोबर आलेल्या लेकीला त्यांनी विचारले, "बहात्तरला कोन किती?" लेकीने पाच म्हणून सांगितले. "आणि प्रत नाही," अक्का म्हणाल्या. मग बराच वेळ कोणी बोलले नाही. छिन्नी बहात्तर वेळा नव्याने चालली होती.

हाताला काही संख्या जमतात, काही जमत नाहीत. अर्धे करत गेले की चार, आठ, सोळा मिळतात. बांगडीने सहा आणि बारा. सात मिळत नाही. हा हाताचा कमीपणा नव्हे. गाउस या जर्मन तरुणाने १७९६ साली असे दाखवले होते की नुसती पट्टी आणि कंपास घेऊन सतरा बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो; सात बाजूंचा मात्र तसा काढता येणारच नाही, हे पुढे १८३७ साली फ्रान्सच्या वांत्झेल यांनी सिद्ध केले. सातला ३६० अंशांचा पूर्णांकी भागही पडत नाही. एकावन्नाच्या पुढे अपूर्णांक सुरू होतो आणि संपत नाही. संगणकाला त्याचे काही वाटत नाही. तो अपूर्णांक पुरेसा लांबवर नेऊन सोडतो, आणि उरलेला फरक कोणत्याही डोळ्याला दिसत नाही.

एका संध्याकाळी अक्कांनी आठाच्या जागी सात लिहिले. पडद्यावर सात पाकळ्यांचे कमळ उमलले. असे कमळ त्यांनी आयुष्यात काढले नव्हते, कोणाच्या दारातही पाहिले नव्हते. सात पाकळ्यांत समोरासमोर काही येत नाही. शेंड्यासमोर नेहमी खाच येते. त्यामुळे ते कमळ किंचित कलल्यासारखे, आत्ताच वाऱ्याने हलल्यासारखे वाटत होते. त्यांनी ते साठवून ठेवले आणि त्याचा साचा कापायला दिला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी फरशी पुसली, मध्याचा ठिपका घातला आणि चिमटीने पहिली पाकळी काढली. मग दुसरी. अंदाजाने, मान थोडी कलती करून. पाचवीपर्यंत सारे ठीक दिसत होते. सहावी काढताना जागा कमी पडणार हे कळले. सातवी पाकळी अरुंद झाली, शेजारणींच्या मधे चेपल्यासारखी. समोरच्या घरातील म्हातारी दारात उभी राहून पाहत होती. अक्कांनी क्षणभर हात थांबवला. मग त्या अरुंद पाकळीचा शेंडा त्यांनी बोटाने पुसला, दोन्ही रेघा वर नेऊन मिटवल्या आणि तिची कळी केली.